शून्याची रेषा कुठे आहे?

बहरीनच्या तेलाची गोष्ट एका आलेखात मावते. आडव्या अक्षावर १९३२ पासूनची वर्षे मांडा आणि उभ्या अक्षावर त्या त्या वर्षी जमिनीतून निघालेले तेल. जबल दुखान, म्हणजे 'धुराचा डोंगर', हा या बेटावरचा सर्वांत उंच भाग. त्याच्या पायथ्याशी १९३२ च्या उन्हाळ्यात पहिल्या विहिरीला तेल लागले. आखाताच्या अरबी किनाऱ्यावर सापडलेले हे पहिले तेल. सौदी अरेबियाला त्यासाठी आणखी सहा वर्षे थांबावे लागले.

सुरुवातीला आपली रेषा जमिनीला चिकटून चालते. १९३४ च्या अखेरीस पहिली निर्यात झाली. १९३५ मध्ये वर्षाला सुमारे १२ ते १३ लाख पिंपे निघाली, १९३६ मध्ये सुमारे ४६ लाख, १९३७ मध्ये ७८ लाख आणि १९३८ मध्ये ८३ लाख. मग युद्ध आले. १९४० चा आकडा ७१ लाखांच्या आसपास उतरला. युद्धानंतर रेषा पुन्हा चढली आणि १९७० मध्ये तिने शिखर गाठले: दिवसाला सुमारे ७६ हजार पिंपे, म्हणजे वर्षाला पावणेतीन कोटींच्या वर. तिथून उतार लागला. या शतकाच्या पहिल्या दशकात जुन्या क्षेत्राचे उत्पादन दिवसाला ३५ हजार पिंपांच्या आसपास आले होते. पुढे नव्या विहिरी खणून ते थोडे सावरले.

आता एक प्रश्न. हा आलेख समोर ठेवून सांगा, बहरीनने आजवर काढलेले एकूण तेल कोणत्या काळात वाढत होते?

'१९३२ ते १९४०च्या आसपास, मग युद्धानंतर १९७० पर्यंत' असे उत्तर तुमच्या ओठांवर आले असेल, तर तुम्ही एकटे नाही. रेषा चढते तिथे वाढ आणि उतरते तिथे घट, असे वाचायची आपल्या डोळ्यांना सवय असते. पण खरे उत्तर आहे: सगळा काळ. १९४० मध्ये आदल्या वर्षांपेक्षा कमी तेल निघाले, तरी एकूण बेरजेत ७१ लाख पिंपांची भर पडलीच. १९७० नंतरच्या प्रत्येक वर्षी भर पडलीच. आपण काढलेला आलेख एकूण तेलाचा नव्हता, त्या तेलाच्या वाढीच्या वेगाचा होता. वेग कमी झाला म्हणजे प्रवास उलटा सुरू झाला असे होत नाही.

हाच प्रश्न बारावीच्या गणितात वेगळ्या पोशाखात येतो. मनामापासून मस्कतपर्यंतच्या भारतीय शाळांत शिकणाऱ्या मुलांना विचारले जाते: फलनाचा आलेख दिलेला नाही, त्याच्या डेरिव्हेटिव्हचा, म्हणजे अवकलजाचा आलेख दिला आहे. मूळ फलन कुठे वाढते ते सांगा. नियम एका ओळीचा आहे. अवकलजाची रेषा शून्याच्या वर असेल तिथे फलन वाढते, शून्याच्या खाली असेल तिथे घटते. ती शून्य ओलांडून वरून खाली उतरते तिथे फलनाचे शिखर असते, आणि खालून वर येते तिथे तळ. रेषा स्वतः चढते आहे की उतरते आहे याने एवढेच कळते की वाढीचा जोर वाढतो आहे की ओसरतो आहे. १९३६ ते १९३७ मध्ये वार्षिक उत्पादन ३२ लाखांनी वाढले, पुढच्या वर्षी फक्त पाच लाखांनी. जोर ओसरला होता, पण १९३८ च्या अखेरीस एकूण बेरीज सव्वादोन कोटी पिंपांच्या जवळ पोचली होती, आणि त्या वर्षीइतकी भर आधीच्या कुठल्याच वर्षी पडली नव्हती.

नियम सोपा आहे, तरी त्यात चुकणे त्याहून सोपे आहे. म्हणूनच त्याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. माणसांनी ही गोष्ट आधी जमिनीवर पाहिली नाही, आकाशात पाहिली. आणि तिची सुरुवातही याच आखाताच्या वरच्या टोकाला झाली.

प्राचीन मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर दिलमुन नावाच्या व्यापारी भूमीचा उल्लेख वारंवार येतो. बहरीनचे बेट हे त्या दिलमुनचे केंद्र होते असे मानले जाते. इथल्या उत्खननात सिंधू संस्कृतीच्या मापाची वजनेही मिळाली आहेत. म्हणजे आपला या बेटाशी व्यवहार तेलाच्याही आणि मोत्यांच्याही फार आधीचा. पण आपल्या विषयाच्या पाट्या पुढच्या काळातल्या, बाबिलोनच्या. इसवी सनपूर्व ३५० ते ५० या दरम्यानच्या या पाट्या आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. माथिउ ओसेनड्रायव्हर या अभ्यासकाने २०१६ मध्ये त्यांचा अर्थ उलगडून दाखवला. त्यांत गुरू ग्रहाचा हिशेब आहे. गुरू पहाटे पहिल्यांदा दिसू लागतो तेव्हा त्याची गती दिवसाला १२ कला धरली आहे. साठ दिवसांनी ती साडेनऊ कला होते. या काळात गुरू किती पुढे गेला? बाबिलोनच्या गणितींनी दोन्ही गतींची सरासरी काढली, पावणेअकरा कला, आणि तिला ६० ने गुणले. उत्तर आले १० अंश ४५ कला. पुढच्या साठ दिवसांत गती साडेनऊ कलांवरून दीड कलेवर येते आणि अंतरात आणखी साडेपाच अंशांची भर पडते.

हे भूमितीच्या भाषेत समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ आहे. चौकोनाची आडवी बाजू काळाची, उभी बाजू गतीची आणि क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर. गती एकशेवीस दिवस उतरतच होती, तरी गुरू १६ अंश १५ कला पुढे गेला. बहरीनच्या तेलाचे जे झाले तेच.

पुढे काय होते ते पंचांग पाहणाऱ्या कुठल्याही मराठी घराला ठाऊक आहे. गुरूची गती शून्यावर येते, तो स्तंभी होतो, आणि मग वक्री. काही महिन्यांनी पुन्हा थांबून मार्गी होतो. 'वक्री' आणि 'मार्गी' हे शब्द आपल्या आजीच्या तोंडी सहज असायचे. अमुक ग्रह वक्री आहे, आत्ता नवे काम नको, असे ती म्हणायची. त्यातले फलज्योतिष बाजूला ठेवा. शब्दांत दडलेले गणित पक्के आहे. ग्रह मंदावला म्हणून तो वक्री होत नाही. त्याच्या गतीने शून्याची रेषा ओलांडली की वक्री होतो. मंद होणे आणि मागे फिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या भाषेने त्यांना वेगळे शब्द दिलेले आहेत.

हा फरक सर्वांत नेमकेपणाने मांडणाऱ्यांमध्ये आपल्याकडचे भास्कराचार्य येतात. जन्म १११४, सह्याद्रीच्या परिसरातल्या विज्जडविड गावचे. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणि' पूर्ण केला. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख सांगतो की त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचे नाव निघाले की आपल्यातले काही जण लगेच 'न्यूटनच्या आधी कॅल्क्युलस' असा झेंडा उभारतात. तो झेंडा क्षणभर गुंडाळून ठेवा. त्यांनी काय केले ते नीट पाहिले तर ते पुरेसे मोठे आहे.

सूर्य आकाशात एकसारख्या गतीने चालत नाही. त्याची सरासरी दैनिक गती ५९ कला ८ विकला. आपल्या काळात जानेवारीच्या सुरुवातीला तो दिवसाला सुमारे ६१ कला चालतो, जुलैच्या सुरुवातीला सुमारे ५७. एकसारखा चालणारा एक काल्पनिक सूर्य धरला, तर त्याला 'मध्यम' म्हणत आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्याला 'स्पष्ट'. दोघांतले अंतर हे दुरुस्तीचे माप, त्याला मंदफल म्हणत. हे अंतर जास्तीत जास्त सुमारे दोन अंश होते. प्रश्न असा: ते सर्वांत जास्त कधी होते?

मनात चटकन येते, सूर्य सर्वांत वेगात असतो तेव्हा. तसे नाही. जानेवारीत सूर्याचा वेग सर्वाधिक असतो, पण त्या क्षणी मध्यम आणि स्पष्ट सूर्य एकाच जागी असतात, अंतर शून्य. तिथून पुढे वेग उतरू लागतो, तरी तो अजून सरासरीच्या वरच असतो. म्हणून खरा सूर्य काल्पनिक सूर्याला मागे टाकत राहतो आणि अंतर वाढत राहते. एप्रिलच्या सुरुवातीला दोघांची गती सारखी होते. त्या दिवशी अंतर सर्वांत जास्त. त्यानंतर खरा सूर्य सरासरीपेक्षा हळू चालू लागतो आणि मिळवलेली आघाडी घालवू लागतो. इथे गतीतला फरक हा अवकलज आहे आणि सूर्यांमधले अंतर हे मूळ फलन. फरक शून्याच्या वर आहे तोवर अंतर वाढते, फरक शून्य झाला की शिखर.

भास्कराचार्यांनी गोलाध्यायात नेमके हेच सांगितले: जिथे मंदफल सर्वांत मोठे असते, तिथे स्पष्ट गती मध्यम गतीइतकीच असते, गतीची दुरुस्ती तिथे शून्य. आठव्या शतकातल्या लल्लाने ही जागा ग्रहाचे कक्षावृत्त आणि त्याचे प्रतिवृत्त एकमेकांना छेदतात तिथे धरली होती. भास्कराचार्यांनी ते मान्य केले नाही. उच्चरेषेला काटकोनात, कक्षावृत्ताच्या मध्यातून जाणारी रेषा प्रतिवृत्ताला मिळते ती खरी जागा, असे त्यांनी दाखवले. आकृतीत या दोन जागा अगदी जवळजवळ आहेत. एवढ्याशा फरकासाठी पूर्वसूरीशी वाद घालायचा तो का? कारण एका जागेमागे अंदाज होता आणि दुसरीमागे कारण.

चंद्रासाठी ते आणखी एक पाऊल पुढे गेले. चंद्राची गती दिवसभरातही बदलते, त्यामुळे आजच्या आणि उद्याच्या स्थानातला फरक ही आत्ताची गती होत नाही. तिथी कोणत्या घटकेला संपते हे ठरवायला त्यांनी 'तात्कालिक गती' वापरायला सांगितली. त्यांच्याकडे आलेखाचा कागद नव्हता, मर्यादेची आधुनिक व्याख्याही नव्हती. पण गती क्षणाची असते आणि ती शून्यावर आली की राशी शिखरावर असते, हे त्यांना स्वच्छ दिसले होते.

गती उभ्या रेषांनी आणि काळ आडव्या रेषेने दाखवून आकृतीत गोष्ट पाहण्याची पद्धत युरोपात चौदाव्या शतकात निकोल ओरेमने रुळवली. सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी गती आणि क्षेत्रफळ यांचा संबंध सर्वसामान्य नियमात बसवला. त्यानंतर हे गणित ग्रहांपुरते राहिले नाही. ते कारखान्यात आले, विमा कंपन्यांत आले, आणि शेवटी तेलाच्या विहिरींपाशी आले.

१९५६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो इथे शेल कंपनीचे भूशास्त्रज्ञ किंग हबर्ट यांनी तेल व्यावसायिकांच्या सभेत एक आकृती दाखवली. त्यांचा युक्तिवाद बाबिलोनच्या पाटीइतकाच साधा होता. वार्षिक उत्पादनाच्या रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे एकूण काढलेले तेल. जमिनीतले काढता येण्याजोगे तेल मर्यादित आहे, म्हणून क्षेत्रफळही मर्यादित. मग रेषा कायम चढू शकत नाही. तिला कुठेतरी वळून शून्याकडे यावेच लागेल. अमेरिकेचे शिखर १९६५ ते १९७० च्या सुमारास येईल असा अंदाज त्यांनी मांडला. अनेकांनी तो हसण्यावारी नेला, कारण उत्पादन तेव्हा वर्षागणिक वाढत होते. अमेरिकेचे शिखर १९७० मध्ये आले, बहरीनचेही त्याच वर्षी. पुढे खडकातून तेल काढण्याचे नवे तंत्र आले आणि २०१८ मध्ये अमेरिकेने ते जुने शिखर ओलांडले. हबर्ट यांचे गणित चुकले नव्हते. क्षेत्रफळ किती, हे त्यांनी धरलेले माप बदलले.

आता बहरीनचा दुसरा आलेख काढू. आधी आपण काढलेल्या तेलाची बेरीज पाहिली, आता जमिनीत उरलेल्या तेलाची पाहू. या फलनाचा अवकलज म्हणजे पहिलाच आलेख उलटा धरलेला, पहिल्या दिवसापासून शून्याच्या खाली. जुन्या क्षेत्रातला साठा १९३२ पासून एकदाही वाढलेला नाही. ज्या वर्षी उत्पादनाचा आकडा सर्वांत अभिमानाने मिरवला गेला असेल, ते १९७० हे वर्ष साठा सर्वांत वेगाने घटण्याचे वर्ष होते. आणि नंतर उत्पादन घटू लागले तेव्हा साठा सावरत नव्हता, फक्त सावकाश संपत होता. एकच रेषा, पण प्रश्न बदलला की आनंदाची आणि काळजीची वर्षे जागा बदलतात.

शेजाऱ्यांच्या मानाने बहरीनचे तेल थोडे आहे, हे इथे लवकर उमजलेले होते. घटनाक्रम पाहा. १९३६ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. १९४५ मध्ये सौदी अरेबियाहून नळ टाकून त्या कारखान्यात तिकडचे कच्चे तेल येऊ लागले. म्हणजे कारखान्याचे पोट बेटाच्या विहिरींवर अवलंबून राहिले नाही. अ‍ॅल्युमिनियम बहरीन ही कंपनी १९६८ मध्ये स्थापन झाली, उत्पादनाचे शिखर यायच्या दोन वर्षे आधी, आणि १९७१ मध्ये तिच्या भट्ट्या पेटल्या. त्याच वर्षी, १५ ऑगस्टला, देश स्वतंत्र झाला. १९७५ पासून परदेशी बँकांना इथून आंतरराष्ट्रीय व्यवहार करण्याचे परवाने मिळू लागले, आणि बैरूतमधल्या यादवीमुळे त्यांतल्या अनेक बँकांना नवी जागा हवीच होती. १९८६ मध्ये सौदीला जोडणारा समुद्रावरचा पूल खुला झाला. या सगळ्याला केवळ तेलाची चिंता कारणीभूत होती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण रेषा अजून चढत असतानाच तिच्या पलीकडचे पाहिले गेले, एवढे तारखाच सांगतात.

या बेटाला त्याआधीचा एक धडाही मिळाला होता. तेलापूर्वी बहरीन मोत्यांवर जगत होते आणि त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ आपली मुंबई होती. १९२९ ची जागतिक मंदी आणि जपानचे संवर्धित मोती यांनी तो धंदा काही वर्षांत बसवला. ज्यांनी एक उतार घरात शिरताना पाहिला, त्यांना दुसऱ्या चढणीवर विश्वास ठेवणे जड गेले असेल तर नवल नाही.

आखातात राहणाऱ्या तुम्हा-आम्हाला या गणिताचे काय? पुष्कळ काही. आपण इथे येतो तेच एका फलनासाठी, गावच्या घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी साठणाऱ्या शिलकीसाठी. दर महिन्याची बचत हा त्या शिलकीचा अवकलज. शाळेची फी वाढली, भाडे वाढले, बचत २०० दिनारांवरून १२० वर आली, की घरात 'आपण मागे चाललो' असा सूर लागतो. आपण मागे चाललेलो नाही, मंदावलो आहोत. गुरू अजून मार्गी आहे. याउलट, दर महिन्याला कार्डावर १०० दिनारांची उधारी चढत होती, ती आता ४० वर आली म्हणून पेढे वाटणारेही भेटतात. त्यांची रेषा चढते आहे खरी, पण अजून शून्याच्या खाली आहे. कर्ज वाढतेच आहे. पहिल्या घराला धीर हवा आणि दुसऱ्याला सावधगिरी. दोघांनी फक्त रेषेची दिशा पाहिली तर दोघेही उलटा निर्णय घेतील.

बातम्यांचेही तसेच. 'महागाई घटली' हे वाक्य भारतातून फोनवर ऐकले की आईला वाटते डाळ स्वस्त झाली. महागाईचा दर आठ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला म्हणजे डाळ आणखी महाग झाली, फक्त पूर्वीपेक्षा कमी झपाट्याने. ती स्वस्त व्हायला दर शून्याखाली जावा लागतो.

एप्रिल २०१८ मध्ये बहरीनने आपल्या पश्चिमेच्या समुद्राखाली किमान ८० अब्ज पिंपांचा तेलसाठा सापडल्याचे जाहीर केले. मोठी बातमी होती. पण ते घट्ट खडकात अडकलेले तेल आहे. जाहीर झालेला आकडा खडकात असलेल्या तेलाचा आहे, त्यातून बाहेर काढता येणाऱ्या तेलाचा नाही. हबर्ट यांच्या भाषेत, रेषेखालचे क्षेत्रफळ नक्की किती मोठे झाले हे त्या आकड्यावरून ठरत नाही.

म्हणून यापुढे कुठलाही आलेख समोर आला की दोन प्रश्न विचारा. पहिला: ही रेषा साठ्याची आहे की वेगाची? दुसरा: शून्य कुठे आहे? दुसरा प्रश्न वाटतो तेवढा भोळा नाही. वर्तमानपत्रांत आणि कंपन्यांच्या अहवालांत उभा अक्ष अनेकदा ३० हजारांपासून किंवा पाच टक्क्यांपासून सुरू केलेला असतो. चित्र देखणे दिसते, चढ-उतार ठसठशीत दिसतात, आणि ज्या रेषेवरून वाढ आणि घट ठरते तीच कागदाबाहेर राहते. ती पेन्सिलीने आखून घ्यावी. भास्कराचार्यांनी लल्लाशी वाद घातला तो याच रेषेच्या जागेवरून.